आम्ही धारेवरचे: लोणार या गावाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी मूळच्या लोणारच्या, तुम्ही मात्र कांजूरमार्गला वाढलात. दोनदा लोणारला जाऊन सरोवर पाहिले, फोटो काढले आणि दोन तासांत परतीच्या वाटेला लागलात. घरी आल्यावर आजींनी दोन्ही वेळा विचारले, "गाव पाहिलंस का?", आणि वर ऐकवले, "आम्ही सरोवराचे नाही रे, आम्ही धारेवरचे." या बोलण्याचा अर्थ काय, लोणारला सरोवराखेरीज गाव म्हणून काही इतिहास आणि स्वभाव आहे का, आणि पुढच्या खेपेला आजींसाठी तिथून काय आणता येईल, असे तुम्ही विचारले आहे.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असे आणि निवृत्त होईपर्यंत जवळजवळ दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांची एक तुकडी लोणारला नेत असे. पहिली काही वर्षे मीही तुमच्यासारखाच वागलो. गाव म्हणजे एस.टी. स्थानक, चहाची टपरी आणि रात्रीचा मुक्काम. बाकी सारे लक्ष त्या खळग्यात. गावाकडे पाहायला मला एका धुलाईने शिकवले. विवराच्या काठावर दिवसभर चालून माखलेले कपडे एका विद्यार्थ्याने खाली जाऊन सरोवरात धुतले आणि वर येऊन धारेखाली, म्हणजे काठावरच्या झऱ्याखाली, खळबळले. ते पाहून तिथे आलेली एक वृद्ध बाई हसून म्हणाली की तिच्या लहानपणी असेच करायचे, खालच्या पाण्याला साबण लागत नाही. एका वाक्यात तिने लोणारचा निम्मा इतिहास सांगितला होता आणि तो माझ्या टिपणांत कुठेच नव्हता.

तुमच्या आजींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. लोणारला दोन पाणी आहेत. एक खालचे, खारे आणि क्षारयुक्त, जे पाहायला जगभरातून माणसे येतात. दुसरे काठावरचे, गोड, बारमाही वाहणारे, ज्याच्या आधाराने गाव वसले आणि टिकले. पर्यटक पहिले पाणी पाहून जातो, गावकरी दुसऱ्यावर जगत आला. गावाचा इतिहास, देवळे, जुना व्यापार आणि आजची कुरकुर, सगळे या दोन पाण्यांच्या मध्ये घडते.

ही दोन पाणी एकाच खड्ड्यात कशी, हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे आणि त्याच्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल, तर त्याच कुळातला दगड तुम्ही पाहिला आहे. या थरांच्या पठारावर आकाशातून एक अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काठापासून तळापर्यंत जवळपास १४० मीटर खोल असे विवर पडले. उडालेला दगडमातीचा चुरा चहूबाजूंनी पसरून काठाला थोडी उंच कड आली. गावाचा काही भाग त्याच चुऱ्यावर उभा आहे. सुरीने पापुद्र्यांची पोळी कापावी तसे लाव्ह्याचे थर विवराच्या भिंतीत उघडे पडले. दोन थरांच्या मधला भाग बहुधा सच्छिद्र किंवा झिजलेला असतो आणि पावसाचे मुरलेले पाणी तिथूनच हळूहळू सरकते. ते वाहते थर जिथे कापले गेले, तिथे झरे फुटले. ईशान्येच्या काठावरचा सर्वांत जोमदार झरा म्हणजे धार. त्याच बाजूला काठ चिरत गेलेली घळ आहे आणि त्याच बाजूला गाव आहे. मला हा योगायोग वाटत नाही.

झऱ्यांचे पाणी आणि पावसाचे पाणी विवरात उतरते, पण विवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि दगडातून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे चालल्यावर खालचे पाणी खारट तर झालेच, शिवाय इतके अल्कधर्मी झाले की त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो. हात बुडवला की बोटे साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. मुलांना हे समजावण्यासाठी मी एक साधा प्रयोग करीत असे. पांढऱ्या रुमालावर चिमूटभर ओली हळद चोळायची, सरोवरातून आधी भरून आणलेल्या पाण्याचे दोन थेंब त्यावर टाकायचे आणि पाहायचे. पिवळा डाग डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल होतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. पूर्वी हळदीला क्षाराची जोड देऊन कुंकू करीत, त्यामागेही हेच रसायन आहे. मग तोच रुमाल धारेच्या पाण्यात भिजवायचा; रंग जागचा हलत नाही. दोन पाण्यांतला फरक मुलांच्या लक्षात राहायला एवढे पुरे होते.

मुंबईकराला हे वेगळे वाटते, कारण आपली तळी आपण बांधलेली आहेत. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये, सगळी पिण्यासाठी. तळे म्हणजे नळाचा उगम, हेच आपल्या मनात असते. पवई मात्र १८९१ मध्ये पिण्यासाठीच बांधले आणि पाणी पिण्याजोगे न निघाल्याने नुसते पाहण्याचे तळे होऊन बसले. लोणारकराची सरोवराकडे पाहण्याची नजर समजून घ्यायची असेल, तर पवईच्या काठी राहून नळाचे पाणी पिणाऱ्या माणसाला आठवा.

आता गावाकडे येऊ. लोणार हे नाव लवणावरून आले, असे मानतात. पौराणिक परंपरेत त्याला विरजतीर्थ म्हणतात. इथली मूळ कथा लवणासुराची. हा दैत्य जमिनीखालच्या गुहेत लपून राही आणि वर येऊन लोकांना छळी. विष्णूने सुंदर युवकाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींना भुलवले, त्यांच्याकडून लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. खड्डा ही त्याची गुहा, पाणी हे त्याचे रक्त, क्षार हे त्याचे मांस. आणि उडालेले झाकण नैर्ऋत्येला कित्येक कोस दूर ढाकेफळजवळ पडून त्याची टेकडी झाली, असे सांगतात. मी ही कथा वर्गात भूशास्त्राच्या तासाला सांगत असे. अशनीची कल्पनाही नसताना लोकांनी ओळखले होते की हा खड्डा पाण्याने कोरलेला नाही, इथे एका झटक्यात काहीतरी उडाले आहे. एकोणिसाव्या शतकातले बरेच विद्वान ज्वालामुखीच्या तर्कात अडकले होते, त्यांच्यापेक्षा ही कथा घटनेच्या स्वरूपाजवळ जास्त जाते. अर्थात याला विज्ञान म्हणू नये; पण नीट पाहणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे.

लिखित नोंदींपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती सोळाव्या शतकाच्या अखेरची, अबुल फझलच्या ऐन-इ-अकबरीतली. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या अनुषंगाने लोणार येते. ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, पितरांच्या उद्धारासाठी इथे कृत्ये करतात, असे तो सांगतो. उंच डोंगरांनी वेढलेले कोसभर लांब-रुंद जलाशय, खारे पाणी, काच आणि साबण बनवण्याची सामग्री, त्यातून सरकारला मिळणारा महसूल, हे सगळे त्यात आहे. पण माझे लक्ष वेधले ते पुढच्या ओळींनी. डोंगरावर एक झरा आहे, त्याच्या मुखाशी बैलाची आकृती कोरली आहे, आणि सोमवारी अमावास्या आली म्हणजेच त्याचे पाणी खालच्या जलाशयात जाते, असे त्याने लिहिले आहे. म्हणजे गोमुख, धार आणि सोमवती अमावास्या या तिन्ही गोष्टी चारशे वर्षांपूर्वी गावाच्या बोलण्यात होत्या आणि कोणीतरी त्या मोगलांच्या दरबारापर्यंत पोहोचवल्या. दूरच्या लेखकालाही दोन पाणी वेगवेगळी मांडावीशी वाटली, हे तुमच्या आजींना जरूर सांगा.

धारेवर गेलात की वरून उतरणाऱ्या पायऱ्या, गोमुखातून पडणारे पाणी, खालचे कुंड आणि आजूबाजूची लहान-मोठी देवळे दिसतील. मे महिन्यात रखरखीत उन्हातून आल्यावर ते पाणी डोक्यावर घेतले की श्वास अडकतो, इतके गार असते. पहाटेपासून स्नानाला येणारे, पितरांच्या कार्यासाठी आलेले, कळशी भरून नेणारे, शाळेला दांडी मारून डुंबायला आलेली पोरे, असा तिथला राबता असतो. या भागाला सीतान्हाणी असेही म्हणतात. पर्यटक बहुधा इथूनच खाली उतरण्याची वाट विचारतो आणि पुढे जातो. माझा सल्ला उलटा आहे: अर्धा तास कठड्यावर बसा आणि फक्त येणारी-जाणारी माणसे पाहा.

गावाच्या आत, घरांच्या दाटीत, दैत्यसूदनाचे मंदिर आहे. सरोवराकडे धावणाऱ्यांपैकी फार थोडे इथवर येतात, आणि ही चूक मी स्वतः तीन वर्षे केली आहे. गल्लीतून वळलात की अचानक काळ्या दगडाची ती प्रचंड वास्तू समोर येते. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराची ही घडण. बाहेरच्या भिंतींना इतके कोन पाडले आहेत की जोत्याचा आराखडा चांदणीसारखा दिसतो, आणि प्रत्येक कोनाच्या दोन्ही अंगांवर मूर्तींच्या रांगा आहेत. दुपार कलली की एक अंग उजळते, दुसरे काळोखात जाते आणि मूर्ती जणू भिंतीतून पुढे येतात. आत छतावर विष्णूच्या दैत्यवधाच्या कथा कोरल्या आहेत, गाभाऱ्यात लवणासुरावर उभा असलेला विष्णू आहे. शिखर मात्र अपुरे आहे. आपल्याकडे चुना न वापरता रचलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. हेमाद्री तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री; सगळ्या महाराष्ट्राची देवळे त्याच्या नावावर खपवणे हा निव्वळ आळस आहे. दैत्यसूदन मंदिर पाहताना हा शब्द बाजूला ठेवा आणि केवळ कोनांची घडण पाहा. माझ्या मते सरोवर नसते, तरी एवढ्या एका देवळासाठी लोणारला जावे.

बाकीची देवळे थोडक्यात सांगतो. खाली सरोवराकाठी कमळजा देवी. नवरात्रात तिची यात्रा भरते आणि तेव्हा सारा गाव विवरात उतरतो. तिच्याजवळ पाण्यात सासू-सुनेची विहीर आहे, जिचे अर्धे पाणी गोड आणि अर्धे खारे असे सांगतात. सरोवर आटते तेव्हाच ती दिसते. काठाने फिरताना रामगया, वाघ महादेव, मोर महादेव अशी झाडीत दडलेली, निम्मी ढासळलेली देवळे लागतात. गावात लिंबी बारव आहे. आणि उत्तरेला, मोठ्या विवरापासून थोड्या अंतरावर, अंबर तळे नावाचा दुसरा लहान खळगा असून त्याच्याकाठी आडव्या, निजलेल्या मारुतीचे देऊळ आहे. या मूर्तीच्या दगडात चुंबकत्व आहे, असे गावात ठामपणे सांगतात. बेसाल्टमध्ये लोहखनिज असतेच आणि होकायंत्राची सुई त्याच्याजवळ थोडीफार भटकतेही. तेवढ्यावरून दगड आकाशातून आला असे मात्र ठरत नाही.

आता खालच्या पाण्याच्या व्यापाराविषयी. गोड्या पाण्याने गाव जगवले, हे खरे असले तरी हाती पैसा खाऱ्या पाण्यानेच दिला. उन्हाळ्यात सरोवर मागे हटले की काठावर पांढरा थर धरे. मजूर गाळात उतरून तो गोळा करीत, वाळवीत आणि प्रतवारी लावीत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावे जुन्या सरकारी नोंदींत आहेत. आपल्या घरात पापडाच्या पिठात पडतो तो पापडखार याच जातीचा, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या कुळातला. साबण, काचेच्या बांगड्या, कपडे धुणे, रंगारीकाम अशा कामांसाठी हा क्षार जाई. ज्याच्या हाती मुलूख, त्याला या उत्पन्नात वाटा हवा असे. मोगलांना होता, पुढे निजामालाही होता. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात स्वस्त सोडा बनू लागला, तो जहाजांतून मुंबईसारख्या बंदरांत उतरू लागला आणि दूरच्या खेड्यात गाळातून काढलेल्या क्षाराचा भाव पडला. लोणारचा धंदा एका दिवसात बुडाला नाही, हळूहळू आटला. पण त्यानंतर गावाकडे सरोवराचे असे काही राहिले नाही की ज्यावर पोट भरावे. पर्यटनाने ती जागा भरली, असे सरकारी फलक म्हणतात. टपरीवाल्याला विचारलेत तर तो सोयाबीनचा भाव सांगेल, कारण आठवड्याच्या बाजारातली उलाढाल पर्यटकावर चालत नाही, शेतावर चालते.

गावाचा स्वभाव सीमेवरच्या गावाचा आहे. लोणार वऱ्हाडात, पण मराठवाडा हाकेच्या अंतरावर. जालना आणि परभणीकडची माणसे, सोयरिकी आणि बोली इथे सहज मिसळतात. इतिहासातही हा पट्टा कायम दोघांच्या मध्ये राहिला. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती, म्हणजे रयत एक आणि महसूल घेणारे दोन. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि बाजूचा मराठवाडा निजामाकडेच राहिला. म्हणजे लोणारकराला काही कोसांवर परक्या राज्याची हद्द होती. १९५६ मध्ये दोन्ही भाग मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. अशा ठिकाणच्या माणसांना कोणाही अधिकाऱ्याचे फारसे अप्रूप वाटत नाही आणि कोणाचा अनादरही ती करीत नाहीत; आधी ऐकून घेतात, मग आपल्याला हवे ते करतात. वऱ्हाडी बोलीचा हेल, चहाच्या टपरीवर मराठीइतकीच कानावर येणारी उर्दू, ज्वारीची भाकरी, झणझणीत ठेचा, पाहुण्याला धारेचे पाणी आधी आणि चहा मग. मुंबईहून आलेल्याला 'बम्बईवाले' म्हणून थोडे चिडवणे आणि तेवढ्याच आपुलकीने जेवू घालणे, हे सगळे त्यातच आले.

या गावाला जगाने पुन्हा पुन्हा शोधून काढले, त्याचीही एक गंमत आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली आणि तेव्हापासून पुस्तकांत ते 'शोध' म्हणून छापले जाते. अबुल फझल आणि दैत्यसूदनाचे शिल्पकार जणू वाट चुकून तिथे आले होते. त्यानंतर दीडशे वर्षे खळगा कसा पडला याचा वाद चालला; आधी बहुतेकांचा कौल ज्वालामुखीला होता. १९६०च्या दशकात अशनीचा विचार जोर धरू लागला. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात विंधन केले, आणि प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच तयार होणारी मॅस्केलिनाइटसारखी काच सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. बेसाल्टमधले अशनी-विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे आजही इथे येतात. वयाबद्दल मी एक कबुली देतो. विवर सुमारे ५२ हजार वर्षांचे आहे, असे मी कित्येक वर्षे काठावर उभे राहून छातीठोकपणे सांगत आलो. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे निघाले. त्या हिवाळ्यात मी त्याच जागी उभा राहिलो आणि मुलांना दोन्ही आकडे, दोन्ही पद्धती आणि त्यांतील फरकाचे कारण सांगितले. त्याला दुप्पट वेळ लागला.

जगाने शोधून काढले की मागोमाग नियम येतात. २००० मध्ये सरोवर आणि परिसर वन्यजीव अभयारण्य झाला, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे. देवळांवर पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांत बांधकामाला बंदी, तर त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. कागदावर हे योग्य आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण दैत्यसूदनाच्या गल्लीत वडिलोपार्जित घराची भिंत फुगलेली असताना ती दुरुस्त करायला अर्ज घेऊन फिरणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या दृष्टीने पाहिले तर सरोवर त्याच्या घरापासून दूर आहे आणि सरोवराचे नियम त्याच्या उंबऱ्यावर. पूर्वी विवरात गुरे चरत, झऱ्यांच्या आधाराने थोडीफार शेतीही होत असे, ते थांबले. दुसऱ्या बाजूला गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे उतारावरून विवराकडे जात राहिले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यात लक्ष घालावे लागले. इथे गावाचा दोष नाही, असे मी म्हणणार नाही. गटारांचे काम हे कोणत्याही फलकापेक्षा आधीचे काम होते आणि ते रखडले. विवरात फोफावलेली वेडी बाभूळही अशाच दुर्लक्षाची खूण आहे.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा टाळेबंदीमुळे मी मुंबईत घरीच अडकलो होतो. मेहकरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेले छायाचित्र पाहून आधी मला ते रंगवलेले वाटले. पुढच्या आठ दिवसांत मला इतके फोन आले की निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी कामाचा माणूस ठरलो. कारण साधे होते: पाणी घटले, क्षार वाढले आणि क्षारप्रेमी हॅलोआर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांनी आपला गुलाबी रंग पाण्याला दिला, पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीतही हेच निघाले. पाऊस आल्यावर रंग गेला. अलीकडच्या काही वर्षांत उलट परिस्थिती आहे. पाणी इतके चढते की कमळजेच्या देवळाच्या पायऱ्यांना लागते, आणि गोडे पाणी फार मिसळले तर क्षारांवर जगणारे जीव कमी होतील ही काळजी मला गुलाबी रंगापेक्षा मोठी वाटते. दोन पाण्यांचा तोल जाण्याची भीती आता शास्त्रज्ञ बोलून दाखवतात. आजींच्या पिढीला तो तोल रोजच्या कळशीतून ठाऊक होता.

पुढच्या खेपेला असे करा. समृद्धी महामार्गाने गेलात तर मुंबईहून मेहकरच्या आसपास उतरून पुढे लोणार. वाटेत थांबत गेले तरी एका दिवसात पोहोचता. रेल्वेने गेलात तर जालना गाठून पुढे रस्त्याने. संध्याकाळी गावात पोहोचा, रात्री तिथेच राहा, पहाटे धारेवर जा, उन्हे चढली की दैत्यसूदनाच्या बाहेरच्या भिंती पाहा आणि सरोवर उरलेल्या वेळात उतरा. परत चढायला तासभर लागतो, म्हणून पाणी आणि टोपी सोबत ठेवा. आजींचे घर कोणत्या गल्लीत होते, हे निघण्यापूर्वी त्यांच्याकडून नीट विचारून घ्या. जुन्या गावातले रस्ते अजून देवळांच्या खुणांनी सांगतात, त्यामुळे घर नसले तरी गल्ली सापडेल.

आणि काय आणावे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सरोवराकाठचा दगड, क्षाराची पापडी किंवा बाटलीभर हिरवे पाणी आणू नका. अभयारण्यातून काही नेणे कायद्याने गुन्हा आहे. हळदीचा रंग बदलण्याचा माझा खेळ घरी पापडखाराच्या पाण्यात करून दाखवा, आजींना तो नक्की ओळखता येईल. धारेचे पाणी मात्र स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या लोट्यात भरून आणा, तोंड फडक्याने घट्ट बांधा, आणि आजींना प्यायला देण्यापूर्वी ते एकदा उकळून घ्या. त्यांनी नको म्हटले तरी उकळाच.